हातात घालायचं घड्याळ

आमच्या दुकानात घड्याळ विकत घेणं सोपं नव्हतं. खिशात पैसे असले तरी नव्हतं. पायऱ्या चढून, काचेचं दार ढकलून, एसीच्या थंड हवेत शिरून, बोटानं "वो वाला दिखाओ" म्हणणारा माणूस आधी काकाजींच्या समोर येऊन उभा राहायचा, आणि काकाजी घड्याळाला हातही न लावता विचारायचे, "नहाते कैसे हो?"

"मतलब?"

"मतलब बाल्टी-मग्गा, के शॉवर, के वैनगंगा?"

आंघोळीनंतर बाकीची चौकशी. झोपताना कोणत्या कुशीवर झोपता. कामाच्या जागी धूळ किती. जवळपास मोटर, जनरेटर, मोठे स्पीकर आहेत का. हात आपटायची सवय आहे का. ठेकेदार मंडळी चार लोकांना दाखवायला घड्याळ घ्यायला आलेली असायची. त्यांच्या बायकांनीही त्यांना इतक्या बारकाईनं कधी विचारलेलं नसायचं. काही जण उत्तरं द्यायचे, काही जण शेठजींकडे बघायचे. शेठजी गल्ल्यामागून हसून हात जोडायचे आणि ग्राहक गेल्यावर म्हणायचे, "काकाजी, ग्राहक है, मरीज नहीं."

बालाघाटसारख्या गावात स्विस घड्याळांचं शोरूम कशाला, असं माझे नागपूरचे नातेवाईक विचारायचे. त्यांना वाटायचं आम्ही जंगलात राहतो आणि सूर्याकडे बघून वेळ ओळखतो. पण राइस मिलवाले होते, मलाजखंडच्या खाणीवरचे ठेकेदार होते, लाकडाचे व्यापारी होते, आणि सगळ्यांत मोठं म्हणजे लग्नं होती. जावयाला घड्याळ द्यायचं हे आमच्याकडे ठरलेलं. पूर्वी कुठलंही चालायचं. मध्य प्रदेशाचे दोन तुकडे व्हायच्या आधीच्या त्या वर्षांत मात्र वरपक्ष चिठ्ठीवर नाव लिहून द्यायला लागला होता.

काकाजी मूळचे राजेगावचे. शेठजींच्या वडिलांच्या काळात, दुकानात रेडिओ आणि गजराची घड्याळं असायची तेव्हा नोकरीला आले. शेठजींनी पुढे दुकानाचं शोरूम केलं, फरशी बदलली, दिवे बदलले, काकाजी मात्र तेच राहिले. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात भिंग आणि मनगटावर साधं बॅटरीचं देशी घड्याळ. कोणी हटकलंच की हे कसलं घड्याळ घातलंय, तर काकाजी खूश व्हायचे. "माहं महिन्याले पंधरा सेकंद चुकते. तुमी जे घेऊन राह्यले ना, ते दिवसाले दहा चुकन. टाइमच पाह्यचा असन तर हे घ्या." पन्नास हजारांचं घड्याळ हातात धरलेल्या माणसाला हे ऐकवायला छाती लागते. शेठजी अशा वेळी पाणी प्यायचे.

मी तिथे लागले तेव्हा बी.कॉम. होऊन दोन वर्षं घरी बसले होते. वडील कलेक्टर ऑफिसातून बडे बाबू म्हणून रिटायर झालेले. माझं लग्न जमत नव्हतं. पोरगी दुकानात उभी राहणार म्हणून आमच्या गल्लीत पंधरा दिवस चर्चा चालली. लेडीज ग्राहकांसाठी लेडीज पाहिजे, असं कंपनीनं शेठजींना सांगितलं होतं, म्हणून मला घेतलं. काकाजींना कोणी विचारलंच नव्हतं. त्यांनी मला पहिल्या दिवशी वरपासून खालपर्यंत बघितलं आणि एक प्रश्न टाकला.

"तीस मीटर म्हंजे काय?"

घड्याळाच्या मागे तसं लिहिलेलं होतं. मी म्हणाले, "तीस मीटर खोल पाण्यात गेलं तरी काही होत नाही."

"तू तं बुडवशीन दुकान," काकाजी म्हणाले. "तीस म्हंजे हात धू. पन्नास म्हंजे आंघोळ कर. शंभर म्हंजे पोह. आन् कितीबी असलं तरी गरम पाणी नाई. म्हण."

मी म्हटलं. रोज सकाळी दार उघडल्यावर उदबत्ती लागायची आणि मग हे म्हणावं लागायचं. शेठजींच्या देव्हाऱ्यातल्या गणपतीलाही ते पाठ झालं असणार.

त्यांच्याकडे एक जाड वही होती. कंपनीची कॅटलॉगं इंग्रजीत यायची. काकाजींचं इंग्रजी मॅट्रिकपर्यंतचं, पण त्यांनी डिक्शनरी घेऊन एकेक पान मराठीत उतरवलं होतं. कोणत्या मशीनला किती रत्नं, कोणती काच ओरखडते आणि कोणती ओरखडत नाही पण फुटते, सगळं. स्वित्झर्लंडमधल्या गावांची नावं ते अशी घ्यायचे की वाटावं, वारासिवनीच्या पुढे दोन स्टेशनांवर आहेत. धानाच्या शेतकऱ्यांना सांगायचे, "तिकडं बरफ पडला का शेती बंद. मंग बसून बसून त्याइनं घड्याळं केली. तुमी धान कापल्यावर काय करता? गोंदियाले जाऊन सिनेमा पाह्यता." शेतकरी खजील होऊन हसायचे आणि घड्याळ न घेता जायचे.

माझी परीक्षा दर सोमवारी. मी त्यांच्याकडे पाठ करून उभी राहायचे. काकाजी मागून एकेक घड्याळ कानाशी धरायचे आणि मी नुसत्या टिकटिकीवरून सांगायचं, बॅटरीचं, चावीचं की ऑटोमॅटिक. परीक्षेत पास होईपर्यंत मला स्वतःच्या नावानं बिल फाडता येणार नव्हतं. माझी बिलंही काकाजींच्या नावावर फाटायची. सात महिने झाले तरी मी नापासच होते. मला राग यायचा. कंपनीच्या ट्रेनिंगला नागपूरला जाऊन आले होते मी, तिथे टाय लावलेल्या माणसानं आम्हाला शिकवलं होतं की ग्राहकाला माहिती नको असते, स्वप्न हवं असतं. इकडे काकाजी स्वप्न घेऊन आलेल्या माणसाला विचारत होते की आंघोळ कशी करतोस.

माणूस कितीही मोठा असो, काकाजी भीड ठेवायचे नाहीत. एकदा एक बडे साहेब बायकोला घेऊन आले. परदेशातून मित्रानं आणलेलं घड्याळ त्यांनी कौतुकानं काढून काकाजींना दाखवलं. काकाजींनी भिंग लावलं, कानाशी धरलं, आणि बायकोसमोर म्हणाले, "साब, ये नकली है. दोस्त बदल लो." साहेब तेव्हापासून दुकानासमोरून गेले तरी मान दुसरीकडे करायचे. शेठजींनी समजावून पाहिलं की जरा गोड बोलत जा. काकाजी म्हणाले, "पीसाबद्दल खोटं बोलाचं असन तर मी भाजी इकीन ना, इथं काहून बसीन?"

हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे जे झालं ते ह्याच माणसानं केलं.

काकाजी दुपारी एक ते अडीच जेवायला घरी जायचे. त्या दीड तासात मी दुकानाची मालकीण असल्यासारखी वागायचे. अशाच एका दुपारी लालबर्ऱ्याकडचे एक मास्तर आले. प्राथमिक शाळेचे. पायांत धुळीनं भरलेल्या चपला, त्या त्यांनी दाराबाहेर काढल्या. हातात चिठ्ठी. मुलीचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा, आणि रामपायलीच्या वरपक्षानं घड्याळाचं नाव लिहून दिलं होतं. मुलगा मलाजखंडला इंजिनिअर. घड्याळ ऑटोमॅटिक, आणि आमच्याकडे तसा एकच पीस होता.

मास्तरांना तीनची बस गाठायची होती. मी ट्रे काढला, पीस काढला, मखमलीवर ठेवला, नागपूरला शिकवलं होतं तसं दोन्ही हातांनी पुढे केला आणि म्हणाले, "जावईबापू जन्मभर नाव काढतील तुमचं." मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. दहा मिनिटांत घड्याळ डब्यात, डबा पिशवीत, मास्तर बसमध्ये. मला इतका आनंद झाला की मी स्वतःसाठी चहा मागवला.

काकाजी आले. बिलबुक बघितलं. "मास्तरले काय काय सांगतलं?"

"सगळं."

"हातात घालाव लागते, हे?"

"सगळं सांगितलं, काकाजी," मी म्हणाले. सांगितलं नव्हतं. गोष्ट साधी होती. ऑटोमॅटिक घड्याळाला ना बॅटरी लागते ना रोजची चावी. घालणाऱ्याचा हात हलतो, त्यावर ते चालतं. काढून ठेवलं तर दीड-दोन दिवसांत बंद पडतं, परत हातात घातलं की चालू. एवढं एक वाक्य मी गिळलं, कारण मला वाटलं, घड्याळ बंद पडतं हे ऐकून मास्तर घाबरतील आणि बस निघून जाईल.

वीसेक दिवसांनी मास्तर परत आले. ह्या वेळी चपला काढायचंही त्यांना सुचलं नाही. साक्षगंध थाटात झालं होतं. पण घड्याळ इतकं भारी, खाणीच्या धुळीत कशाला घालायचं, म्हणून मुलाच्या आईनं ते गोदरेजच्या कपाटात, दागिन्यांच्या शेजारी ठेवलं. आठ दिवसांनी पाहुणे आले, दाखवायला काढलं तर बंद. हलवून बघितलं तर चालू. खाली ठेवलं, तर थोड्या वेळानं पुन्हा बंद. कोणी म्हणालं नकली आहे, कोणी म्हणालं अपशकुन आहे. मुलानं रविवारी येऊन स्वतः तपासलं आणि मशीनमध्ये फॉल्ट आहे म्हणून सांगितलं. इंजिनिअरनं सांगितल्यावर विषयच संपला. लग्न तेरा दिवसांवर आलं होतं आणि वरपक्षानं निरोप धाडला होता की बंद घड्याळ देणाऱ्याच्या घरची पोरगी नको.

"पत्रिका वाटून झाल्या जी," मास्तर म्हणाले. "पोरगी दोन दिवसांपासून जेवून नाही राह्यली."

काकाजी म्हणाले, "मास्तर, ह्या पोरीनं तुमाले सांगतलं नोव्हतं काय, हे रोज हातात घालाव लागते म्हणून?"

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मग ते म्हणाले, "सांगतलं असन जी. माह्याच ध्यानात नाही राह्यलं."

काकाजींनी माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटतं, बघायची गरजच नव्हती. त्यांनी भिंग खिशात टाकलं, वही काखेत मारली आणि म्हणाले, "तू चाल. तुहं गिऱ्हाइक हाये."

रामपायलीच्या बसमध्ये मी त्यांना म्हणाले, "काकाजी, माझं चुकलं."

"चुकलं नाई. अर्ध इकलं," ते म्हणाले. त्यांचा राग तेवढाच. उलट ते खुशीतच होते. चारपाच वाक्यांचं काम होतं, आणि दहा-बारा माणसं एकाच वेळी ऐकायला बसणार होती. त्यांनी खिशातला कंगवा काढून केस विंचरले. वहीचं ते पान काढून ठेवलं, ज्यावर ऑटोमॅटिकच्या मशीनचं चित्र त्यांनी पेन्सिलीनं काढलं होतं.

रामपायलीच्या त्या घरी बैठकीत सतरंजी घातली होती. मुलाचे वडील, काका, गावातले चार मोठे, दाराआड मुलाची आई. मधोमध पितळी ताटलीत घड्याळ. मुलगा खास रजा काढून आलेला, खुर्चीवर. मास्तरांना कोणी बसा म्हटलं नाही. ते दाराशी, चपलांच्या ढिगाशेजारी हात जोडून उभे राहिले आणि शेवटपर्यंत तसेच होते.

मुलाचे वडील म्हणाले, "आमी काही अडाणी नाही. आमच्या घरी तीन घड्याळं हायेत. बंद घड्याळ कसं असते, समजते आमाले."

काकाजींनी वही उघडली. "हे घड्याळ ऑटोमॅटिक हाये. ह्याच्यात..."

"अंकल," मुलगा म्हणाला, "मुझे मत समझाइए. मैंने खुद चेक किया है. मशीन में फॉल्ट है. मैं इंजीनियर हूँ."

वडिलांनी अभिमानानं सगळ्यांकडे बघितलं. गावातल्या चार मोठ्यांनी माना डोलावल्या. अख्ख्या गावात आधीच सांगून झालं होतं की आमच्या पोरानं फॉल्ट पकडला. मला मनातून बरंच वाटत होतं. आता काकाजी ह्याला सोडणार नाहीत. मोठ्या साहेबांना ज्यांनी सोडलं नाही ते ह्या पोराला काय सोडणार? आता सगळ्यांसमोर विचारतील की साहेब, तुम्ही कोणत्या कॉलेजात शिकले, तुम्हाला हात हलवून चालणारं घड्याळ माहीत नाही?

काकाजींनी मुलाकडे बघितलं. मग दाराशी उभ्या मास्तरांकडे. मग पुन्हा मुलाकडे. मग ताटलीतलं घड्याळ उचलून कानाला लावलं आणि डोळे मिटून बसले. त्यांच्या हातात येताच ते चालू झालं होतं. मला मी बसले होते तिथून सेकंदकाटा दिसत होता. किती वेळ ते तसे बसले कोण जाणे. सोमवारच्या परीक्षेतही त्यांना एवढा वेळ लागत नसे.

"बरोबर बोलले साहेब," काकाजी म्हणाले. "पीस खराब हाये. आमची चूक हाये. बदलून देऊ."

आणि वही मिटली.

"म्हणलं नोव्हतं मी?" मुलाचे वडील म्हणाले. एकदम सगळ्यांना कंठ फुटला. चहा आला, चिवडा आला. मुलाची आई दाराआडून म्हणाली की दुकानदारानं फसवलं, बिचाऱ्या मास्तरांचा काय दोष. कोणीतरी मास्तरांना हाताला धरून सतरंजीवर आणून बसवलं. इंजिनिअर साहेबांनी मला समजावून सांगितलं की स्विस असो की काही, क्वालिटी कंट्रोल आजकाल राहिलेलं नाही. मी मान हलवली.

परतीच्या बसमध्ये काकाजींनी ते घड्याळ मनगटावर बांधलं होतं, स्वतःच्या घड्याळाच्या वर. चार दिवस त्यांनी ते तसंच वापरलं, रोज सकाळी रेडिओच्या टाइमाशी लावून बघितलं आणि वहीत लिहिलं. दिवसाला चार सेकंद पुढे. इतका सरस पीस आमच्या दुकानात त्याआधी आला नव्हता. मग तोच पीस पुसून, नव्या डब्यात घालून, नवा पट्टा बांधून, ते रामपायलीला देऊन आले. बदलून द्यायला दुसरा होताच कुठे? पाठीवरचा नंबर बघायची अक्कल तिथे कोणालाच नव्हती. काकाजींनी एवढंच सांगितलं की हा नवा पीस आहे आणि कंपनीची कडक अट आहे, जावईबापूंनी रोज हातात घातला नाही तर गॅरंटी रद्द. माहिती म्हणून जे कोणी ऐकून घेतलं नसतं, ते अट म्हणून सगळ्यांनी निमूट ऐकलं.

लग्न झालं. मास्तर बुंदीचा डबा घेऊन दुकानात आले आणि काकाजींच्या पाया पडायला वाकले. काकाजींनी त्यांना धरून उभं केलं आणि विचारलं, "जावई हातात घालून राह्यले ना?"

पण रामपायलीच्या लोकांना गप्प बसवणं कोणाला शक्य होतं? आमच्या इंजिनिअरनं स्विस घड्याळातला फॉल्ट पकडला आणि दुकानदारानं कबूल केला, ही गोष्ट वारासिवनीच्या बाजारापर्यंत गेली. लग्नाच्या मोसमात दोन-तीन घरांनी आमच्याकडे येता येता गोंदियाची वाट धरली. तिथून ही गोष्ट कंपनीच्या कानावर गेली आणि नागपूरहून तोच टाय लावलेला माणूस आला. त्यानं साधी मागणी केली. खराब पीस दाखवा, तपासणीला पाठवायचा आहे.

खराब पीस नव्हताच.

शेठजींनी काकाजींना बोलावलं. मी काउंटरला होते, चार पावलांवर. "काकाजी, वो पीस खराब था?"

"हौ, खराब था."

"तो कहाँ है?"

काकाजींनी क्षणभर विचार केला. "मैंने खोल के ठीक कर दिया. वही दे दिया."

कंपनीचा शिक्का असलेलं घड्याळ दुकानात उघडायचं नाही, हा पहिला नियम. वहीच्या पहिल्या पानावर काकाजींनीच तो मोठ्या अक्षरांत लिहिला होता. ज्या माणसानं आयुष्यात एक झाकण उघडलं नव्हतं त्यानं कबूल केलं की मी उघडलं. टायवाल्यानं लिहून घेतलं. शेठजींनी बिलबुक मागवलं, बिलावर काकाजींचं नाव होतं. माझं असणं शक्यच नव्हतं, मी परीक्षेत नापास होते.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. चार पावलं होती. पीस चांगला होता, विकला मी, सांगितलं नाही मी, एवढी तीन वाक्यं. मी काय केलं? मी ट्रेमधली घड्याळं सारखी केली. घरी लग्नाचं वय निघून चाललं होतं, ही नोकरी गेली असती तर दुसरी नव्हती, आणि काकाजी काही बोलत नाहीत तर मी कशाला बोलू, अशी सगळी कारणं मी त्या रात्री स्वतःला दिली. आजही देते. त्यांतलं एकही कामाला येत नाही. मी भित्री निघाले, एवढंच खरं.

शेठजी वाईट माणूस नव्हते. त्यांनी काकाजींना शाल-श्रीफळ दिलं, पेढे वाटले, फोटो काढला. निरोपाच्या भाषणात टायवाला म्हणाला की काकाजींसारखं प्रॉडक्ट नॉलेज त्यानं कुठे बघितलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या काउंटरवर मी. बिलंही माझ्या नावानं. परीक्षा घ्यायला कोणी उरलंच नव्हतं.

वर्षभरानं मी राजेगावला गेले. गोंदियाला जायचं निमित्त काढलं होतं, मध्येच उतरले. काकाजी पुतण्याच्या बी-बियाण्यांच्या दुकानात बसलेले. एक शेतकरी धानाची पिशवी मागत होता आणि काकाजी चष्मा लावून पिशवीच्या मागचं बारीक अक्षर वाचत त्याला विचारत होते, "पाणी कोणतं हाये तुह्याकडं? कॅनॉलचं का हिरीचं? किती दिवस थांबते धानाच्या बांधीत?" शेतकरी पुतण्याकडे बघत होता. पुतण्या डोक्याला हात लावून बसला होता.

मला बघून त्यांना आनंद झाला. "काहून आली? दुकान कोणावर सोडलं?" त्यांनी चहा मागवला. नवीन काय काय पीस आले ते विचारलं. मी सांगत गेले, आणि मग रडायलाच लागले. म्हणाले, "काकाजी, माझ्यामुळं तुमचं दुकान सुटलं. मी शेठजींना सांगते."

"काय सांगशीन?"

"खरं काय ते."

"आन् शेठ कंपनीले सांगन, कंपनी गावाले सांगन का इंजिनिअर येडा निंगाला. मंग ते कोणावर काढतीन? मास्तरच्या पोरीवर." त्यांनी चष्मा काढून पिशवीवर ठेवला. "दुकानाचं काही नाई. वय झालतं माहं. पण तो पीस लय चांगला होता, बाई. असा पीस पाह्यला नोव्हता मी. आन् मी त्याले दहा लोकाइसमोर खराब म्हणलो. ते राहून राहून टोचते."

मी घरी येईपर्यंत ठरवलं होतं की निदान त्या घड्याळाचं तरी नाव स्वच्छ करायचं. रामपायलीच्या त्या घरचं कोणी कधी समोर आलं तर सांगायचं, नीट, गोड शब्दांत, कोणाला न दुखवता. नागपूरला शिकले होते मी गोड बोलायला.

ते आले त्या दिवाळीत. इंजिनिअर साहेब, त्यांची आई, आणि मास्तरांची मुलगी, जिला मी पहिल्यांदाच बघत होते. हिरवं लुगडं, कडेवर बाळ. साहेबांच्या मनगटावर तेच घड्याळ. सासूबाईंना सुनेसाठी लेडीज घड्याळ घ्यायचं होतं. पहिलं लेकरू मुलगा झाला म्हणून. सून खुशीत होती. सासू तिच्या कडेवरच्या बाळाचं टोपरं नीट करत होती. मी ट्रे काढला.

"पाह्य माय," सासूबाई मला म्हणाल्या, "ह्या वक्ती चांगला पीस दे. मागं तुमच्या त्या म्हाताऱ्यानं बंद पडलेलं घड्याळ मारलं होतं आमच्या गळ्यात. माह्या पोरानं पकडलं म्हणून. बरं झालं शेठनं त्याले काढलं."

"नया वाला देखिए, एक साल में एक बार नहीं रुका," साहेब मनगट पुढे करत म्हणाले.

मी तोंड उघडलं. सून ट्रेवर वाकलेली होती, ती वर न बघता थांबली. तिच्या हातातलं घड्याळ मखमलीवर अर्धं टेकलेलं होतं. तिला माहीत होतं. वडिलांनी सांगितलं असेल, किंवा नवऱ्याच्या हातातलं घड्याळ एखाद्या सुट्टीत कपाटावर राहून बंद पडलेलं तिनं बघितलं असेल आणि तो उठायच्या आत हलवून चालू केलं असेल.

"हौ ना, काकू," मी म्हणाले, "तो पीस खराबच होता."